मनगटातील नर्व्ह भरून येते, मग मज्जारज्जू का नाही?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या मावसभावाच्या मनगटात काच घुसून नर्व्ह तुटली होती. ती शिवल्यानंतर आठ-नऊ महिन्यांत त्याच्या बोटांत स्पर्शाची जाणीव बरीचशी परतली. आपले थोरले भाऊ मात्र झाडावरून पडले, त्यांच्या मज्जारज्जूला डी-१० पातळीवर (छातीच्या मागच्या भागातील दहाव्या खंडाशी) इजा झाली, आणि तेवढाच काळ उलटूनही त्यांच्या पायांत ना जाणीव आहे ना इच्छेने होणारी हालचाल. दोन्हीकडे इजा चेतातंतूंनाच झाली असताना असा फरक का पडतो, आणि अधूनमधून त्यांचे पाय आपोआप झटका देतात ते सुधारणेचे लक्षण मानावे का, असे आपण विचारले आहे.

उत्तराचा गाभा आधी सांगतो. तुटलेला तंतू पुन्हा वाढणार की नाही, हे काही अंशी त्या तंतूच्या मूळ पेशीवर अवलंबून असते. परंतु त्याहून अधिक ते त्या तंतूभोवती कोणत्या सहायक पेशी नांदत आहेत यावर ठरते. मनगटात ज्या सहायक पेशी आहेत त्या मज्जारज्जूत नाहीत, आणि मज्जारज्जूत ज्या आहेत त्या इजेनंतर वेगळ्याच रीतीने वागतात. हे नीट समजण्यासाठी चेतासंस्थेच्या पेशी आणि त्यांची मांडणी थोडी तपशिलात पाहावी लागेल.

चेतापेशीला पेशीदेह, संदेश घेणाऱ्या वृक्षिका आणि संदेश दूर नेणारा अक्षतंतू असे भाग असतात, हे शाळेच्या पुस्तकात असतेच. त्या पुस्तकातील आकृतीत प्रमाण मात्र राखलेले नसते, आणि ते कागदावर राखता येणारही नाही. पावलाचे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशीचा देह मज्जारज्जूच्या खालच्या भागात असतो आणि त्याची रुंदी मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाएवढी असते. त्याच पेशीचा अक्षतंतू मात्र जवळजवळ एक मीटर लांब, म्हणजे देहाच्या वीस हजार पट असतो. वैद्यकीय दृष्टीने महत्त्वाचे असे की, या लांबलचक तंतूत प्रथिने तयार करणारी यंत्रणा जवळपास नसतेच. तंतूला लागणारा बहुतेक माल पेशीदेहात तयार होतो आणि तंतूच्या आतील सूक्ष्म नलिकांवरून पुढे नेला जातो. जलद वाहतूक दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर या गतीने होते. तंतूचा सांगाडा ज्या प्रथिनांचा बनतो त्यांची वाहतूक मात्र दिवसाला एक ते काही मिलिमीटर इतकीच असते. तुटलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो हा आम्हा डॉक्टर मंडळींचा ठोकताळा या मंद वाहतुकीशी बराचसा जुळतो.

यातून पहिला नियम निघतो: तंतू तुटला तरी पेशीदेह जिवंत असेल तर आशा असते, पेशीदेहच मेला तर त्याचा तंतू पुन्हा येत नाही. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूच्या पुढच्या भागातील स्नायूचालक पेशींचे देहच मारतो, म्हणून त्या आजारात पाय कायमचा बारीक राहतो. आपल्या मावसभावाच्या बाबतीत काच मनगटात घुसली. अंगठ्याचे स्नायू हलवणाऱ्या पेशींचे देह मानेच्या खालच्या भागातील मज्जारज्जूत, काचेपासून हातभर दूर, सुरक्षित होते.

संवेदना नेणाऱ्या पेशींची मांडणी आणखी निराळी आहे, आणि पुढील विवेचनासाठी ती लक्षात ठेवावी. त्यांचे देह मज्जारज्जूत नसतात. मज्जारज्जूच्या बाहेर, दोन मणक्यांमधील फटीजवळ, प्रत्येक बाजूला एकेक गंडिका असते, तिच्यात ते दाटीने वसलेले असतात. मज्जारज्जूतून नर्व्हच्या ३१ जोड्या निघतात, आणि प्रत्येक गंडिका त्वचेच्या एका ठराविक पट्ट्याची जबाबदारी घेते. ज्याला आपण नागीण म्हणतो तो आजार ही मांडणी त्वचेवर रेखून दाखवतो: लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू एखाद्या गंडिकेतील पेशींमध्ये वर्षानुवर्षे सुप्त राहतो आणि वय झाल्यावर किंवा प्रतिकारशक्ती खालावल्यावर नेमक्या त्याच गंडिकेच्या पट्ट्यात, शरीराच्या एकाच बाजूला, फोड आणतो. या पेशींचे दुसरे वैशिष्ट्य असे की, देहातून निघालेला तंतू लगेच दोन फाट्यांत विभागतो. एक फाटा बाहेर, त्वचेकडे किंवा स्नायूकडे जातो. दुसरा आत, मज्जारज्जूत शिरतो आणि काही पेशींच्या बाबतीत थेट मेंदूच्या बुडापर्यंत चढतो. उंच माणसात पायाच्या अंगठ्यापासून मेंदूच्या बुडापर्यंत स्पर्श पोहोचवणारी ही एकच पेशी असते.

लांबीचा असाच परिणाम मधुमेहातही दिसतो. त्या आजारात सर्वच तंतूंची पोषणव्यवस्था बिघडते, परंतु सर्वांत लांब तंतू सर्वांत आधी कोलमडतात. म्हणून मुंग्या येणे आणि बधिरता पायाच्या बोटांपासून सुरू होते, आणि ती गुडघ्याच्या आसपास पोहोचेपर्यंत हाताच्या बोटांना झळ लागत नाही.

संदेशवहनाचा भाग थोडक्यात उरकतो. विश्रांतीच्या अवस्थेत चेतापेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असतो. पुरेसा उद्दीपक मिळाला की पेशीच्या बाह्य पटलातील सोडियमची द्वारे उघडतात, धन आयन आत घुसतात आणि साधारण एक मिलिसेकंद टिकणारा विद्युत स्पंद निर्माण होऊन तंतूवरून पुढे सरकतो. हॉजकिन आणि हक्सली यांनी माकूळ जातीच्या सागरी प्राण्याच्या जाड अक्षतंतूवर प्रयोग करून हे गणित १९५२ साली मांडले. ही द्वारे वेळेवर मिटली नाहीत तर काय होते, हे कोकणातील लाल विंचू दाखवतो: त्याच्या विषामुळे सोडियमची द्वारे मिटायला उशीर होतो, स्वायत्त (इच्छेविना आपोआप काम करणारी) चेतासंस्था बेफाम होते आणि हृदय व फुप्फुसे धोक्यात येतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या अवस्थेत प्राझोसिन हे औषध वापरून जे काम केले, ते चेताशास्त्राच्या पुस्तकात शोभावे असेच आहे.

तंतूवर मायलिनचे, म्हणजे स्निग्ध थरांचे, आवरण असेल तर स्पंद सलग सरकत नाही. आवरणात ठराविक अंतरावर सोडलेल्या उघड्या जागांवर, म्हणजे रॅन्व्हिएच्या गाठींवर, तो नव्याने उभा राहतो आणि म्हणून वेगाने जातो. तपासणीत मनगट ते कोपर या टापूत निरोगी नर्व्हचा वेग सेकंदाला ५० मीटरच्या वर भरतो. मायलिन नसलेले वेदनेचे बारीक तंतू सेकंदाला जेमतेम एक मीटर जातात. पायाच्या बोटाला ठेच लागल्यावर आधी तीक्ष्ण कळ आणि क्षणभराने ठणका जाणवतो, तो या दोन वेगांतील फरक होय.

एका पेशीचा तंतू दुसऱ्या पेशीला चिकटत नाही. मध्ये सूक्ष्म फट असते, तिला सिनॅप्स म्हणतात, आणि बहुतेक ठिकाणी ही फट रासायनिक द्रव्याने ओलांडली जाते. नर्व्ह आणि स्नायू यांच्यामधील संधीत हे द्रव्य ॲसिटिलकोलीन असते. येथे आपल्याकडच्या दोन सापांचा उल्लेख प्रस्तुत प्रश्नासाठीही उपयोगी आहे. नागाचे विष स्नायूकडील ग्राहकांवर, म्हणजे ॲसिटिलकोलीन पकडणाऱ्या प्रथिनांवर, बसते; प्रतिविषासोबत निओस्टिग्मिन हे औषध दिल्यास बराच फायदा होऊ शकतो, कारण तंतूचे टोक शाबूत असते. मण्यारीचे विष तंतूच्या टोकाचीच नासधूस करते. त्यामुळे पक्षाघात पूर्ण झाल्यावर प्रतिविषाने तो उलटत नाही, आणि नवी टोके फुटेपर्यंत कित्येक दिवस, क्वचित काही आठवडे, रुग्णाला व्हेंटिलेटरवर सांभाळावे लागते. तेवढे केले तर रुग्ण सहसा पूर्ण बरा होतो. म्हणजे चेतातंतू पुन्हा वाढतो, ही शरीरातील अद्भुत नव्हे तर नित्याची गोष्ट आहे, आणि अडचण कोठे येते हाच खरा प्रश्न आहे.

आता सहायक पेशींकडे वळतो. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्चो यांनी १८५६ मध्ये त्यांना 'न्यूरोग्लिया' हे जे नाव दिले त्याचा अर्थ जवळपास डिंक असा होतो, आणि पुढे शंभर वर्षे त्यांना तेवढीच किंमत मिळाली. याला काही अंशी पेशी रंगवून पाहण्याची तेव्हाची पद्धतही कारणीभूत होती. कॅमिलो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये शोधलेली चांदीच्या क्षाराची पद्धत शेकड्यातील मोजक्याच पेशी काळ्या करते, पण त्या नखशिखान्त. तीच पद्धत वापरून सांतियागो रामोन इ काहाल यांनी दाखवून दिले की, चेतासंस्था हे सलग जाळे नसून स्वतंत्र पेशींची बनलेली आहे. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले, आणि गॉल्जी यांनी स्वीकृतीच्या व्याख्यानातही काहाल यांच्या मताला विरोधच केला. या वादाच्या धामधुमीत सगळे लक्ष चेतापेशींवर राहिले. सहायक पेशी चेतापेशींच्या दसपट आहेत असे पुस्तकांतून अनेक दशके छापले जात होते. प्रत्यक्ष मोजणीत, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आणि जवळपास तितक्याच इतर पेशी आढळल्या. गमतीची बाब अशी की, त्या ८,६०० कोटींपैकी सुमारे ६,९०० कोटी चेतापेशी एकट्या अनुमस्तिष्कात (लहान मेंदूत) असतात, आणि ज्याचा आपल्याला अभिमान असतो त्या प्रमस्तिष्काच्या बाह्यकात (मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या थरात) फक्त सुमारे १,६०० कोटी.

मेंदू आणि मज्जारज्जू मिळून केंद्रीय चेतासंस्था होते. त्यांच्या बाहेरच्या नर्व्ह आणि गंडिका मिळून परिघीय चेतासंस्था. ही विभागणी केवळ पाठांतराची सोय आहे असे विद्यार्थ्यांना वाटते. वस्तुतः ती सहायक पेशींची सीमारेषा आहे. परिघीय भागात मायलिन श्वान पेशी तयार करतात, आणि एक श्वान पेशी एकाच तंतूच्या एकाच तुकड्याला वेढे घालते. केंद्रीय भागात हे काम ऑलिगोडेंड्रोसाइट करतात. अशी एक पेशी आपले अनेक हात पसरून वेगवेगळ्या तंतूंचे मिळून चाळीस-पन्नासपर्यंत तुकडे सांभाळू शकते. त्याखेरीज केंद्रीय भागात ॲस्ट्रोसाइट असतात, ज्या पोटॅशियमची पातळी राखतात, सिनॅप्सवर सांडलेली द्रव्ये उचलतात आणि रक्तवाहिन्यांभोवतीचा अडसर मजबूत ठेवतात. आणि मायक्रोग्लिया असतात, ज्या गस्त घालतात व मेलेले भाग गिळतात.

सीमारेषा कोठे पडते हे नावावरून कळत नाही. डोळ्याच्या मागची दृष्टी-नर्व्ह ही नावाने नर्व्ह असली तरी जडणघडणीने मेंदूचाच भाग आहे. तिच्यावरील मायलिन ऑलिगोडेंड्रोसाइटचे असते, आणि ती तुटली तर परत वाढत नाही. उलट, प्रौढ माणसाचा मज्जारज्जू पाठीच्या कण्याच्या पूर्ण लांबीभर नसतो. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि त्याखाली नर्व्हची मुळे झुबक्याने लोंबत असतात. ती मुळे परिघीय आहेत. म्हणून कमरेच्या खालच्या भागात कणा मोडला तर दोन्ही पाय लुळे पडूनही, दाब वेळेत काढला असता, काही महिन्यांनी बऱ्यापैकी सुधारणा झालेले रुग्ण पाहायला मिळतात. त्याच ताकदीचा मार चार-पाच मणके वर बसला असता तर चित्र निराळे असते.

आजारही ही सीमा पाळतात. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, ही बातमी आपण वाचली असेल. दूषित पाण्यातून पोटात जाणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे या आजारात परिघीय नर्व्हवर उलटतात. ज्यांच्यात हल्ला मुख्यतः मायलिनवर झाला, त्यांच्यात श्वान पेशी नवे आवरण घालतात आणि अनेकदा काही आठवड्यांत ते उठून चालू लागतात. ज्यांच्यात अक्षतंतूच जळला, त्यांना अनेकदा महिनोन्‌महिने लागतात. मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार नेमका उलट: तो ऑलिगोडेंड्रोसाइटच्या मायलिनवर येतो, म्हणून त्यात दृष्टी-नर्व्हला वारंवार सूज येते आणि हातापायांच्या नर्व्ह सहसा सुटतात. कुष्ठरोगाचा जंतू तर श्वान पेशीतच घर करतो, आणि त्याला शरीराचे थंड भाग मानवतात. कोपराच्या मागे त्वचेलगत असलेली नर्व्ह जाड होऊन करंगळी व अनामिका वाकडी होते ती यामुळे. कुष्ठरोगात बोटे रोगाने झडतात हा समज चुकीचा आहे. वेदना न कळल्यामुळे झालेल्या जखमांनी ती जातात, हे वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी ठामपणे दाखवून दिले. हा मुद्दा आपल्या भावाच्या संदर्भात मी पुढे पुन्हा आणणार आहे.

आता मनगटात काय घडले ते पाहू. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नर्व्ह कापून दाखवले की, कापाच्या पुढचा, म्हणजे पेशीदेहापासून तुटलेला सर्व भाग काही दिवसांत विघटित होतो. नर्व्ह शिवल्याने तो भाग वाचत नाही. शिवण्याचा हेतू मार्ग जुळवणे एवढाच असतो. मग श्वान पेशी आपले रूप बदलतात. त्या मायलिन करणे थांबवतात, जुने मायलिन स्वतः गिळू लागतात, रक्तातील भक्षक पेशींना बोलावतात, आणि दोन-तीन आठवड्यांत मार्ग बराचसा मोकळा करतात. त्यानंतर त्या स्वतःच्या जुन्या नळीत रांगेने उभ्या राहतात आणि वाढीला पोषक द्रव्ये स्रवतात. मांडवाच्या दोरीवर कारल्याचा वेल चढावा तसे तुटलेल्या तंतूचे नवे कोंब या रांगांच्या आधाराने पुढे सरकतात. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंतचे अंतर पंधरा-सोळा सेंटिमीटर धरले आणि रोजचा एक मिलिमीटर धरला, तर पाच-सहा महिने होतात. त्यात सुरुवातीचे आठवडे आणि टोकाशी त्वचेतील स्पर्शग्राहक जुळण्याचा काळ मिळवला की आपल्या मावसभावाचे आठ-नऊ महिने बरोबर बसतात. शल्यचिकित्सक भेटीगणिक नर्व्हच्या मार्गावर बोटाने टिचकी मारून मुंग्या कोठपर्यंत येतात ते पाहत असतील. नवे कोंब कोठवर पोहोचले याचा तो साधा आणि विश्वासार्ह अंदाज आहे.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. स्नायूला नर्व्हवाचून फार काळ राहता येत नाही. वर्ष-दीड वर्षानंतर त्यात तंतुमय बदल होतात आणि उशिरा आलेल्या नर्व्हचा उपयोग होत नाही. दुचाकीच्या अपघातात खांद्याजवळच नर्व्हची मुळे ताणली जातात तेव्हा पंजापर्यंतचे साठ-सत्तर सेंटिमीटर या मुदतीत पार होणे शक्य नसते, म्हणून अशा रुग्णांना महिनोन्‌महिने 'बघू या' म्हणत घरी बसवणे मला मान्य नाही. जवळच्या दुसऱ्या नर्व्हचा काही भाग वळवून जोडण्याची शस्त्रक्रिया साधारण सहा महिन्यांच्या आत व्हावी. दुसरी मर्यादा अशी की, कोंब कधी शेजारच्या नळीत शिरतात. आपल्या मावसभावाला एका बोटाला स्पर्श केला असता दुसऱ्या बोटात भास होत असेल तर त्याचे कारण हे आहे, आणि डोळे मिटून वस्तू ओळखण्याच्या सरावाने त्यात पुष्कळ फरक पडतो.

मज्जारज्जूत मात्र पहिल्या टप्प्यापासून वेगळे घडते. ऑलिगोडेंड्रोसाइट रूप बदलून मदतीला उभे राहत नाहीत. इजेच्या जागी त्यांच्यातील बरेच मरतात. मायलिनचा कचरा आठवड्यांत नव्हे, महिन्यांत आणि कधी वर्षांत उचलला जातो, आणि त्या मायलिनमध्येच वाढ रोखणारी प्रथिने असतात. मार्टिन श्वाब यांच्या संशोधनातून पुढे आलेले 'नोगो' हे त्यांतील प्रसिद्ध. ॲस्ट्रोसाइट इजेभोवती दाट व्रण उभारतात, आणि त्या व्रणाच्या परिसरातील शर्करायुक्त प्रथिनेही कोंबांना अडवतात. हा व्रण केवळ शत्रू आहे असे मानण्याची पूर्वी पद्धत होती. परंतु तो दाह पसरू देत नाही आणि उरलेला मज्जारज्जू वाचवतो, आणि प्राण्यांत तो काढून टाकल्याने वाढ सुधारत नाही असेही प्रयोग आहेत. म्हणून 'व्रण विरघळवणारे' म्हणून काही विकले जात असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

परिसराचे महत्त्व सर्वांत स्पष्टपणे दाखवणारा प्रयोग कॅनडात मॉन्ट्रियल येथे ॲल्बर्ट अग्वायो यांच्या गटाने १९८० च्या सुमारास केला. त्यांनी उंदराच्या पायातील नर्व्हचा तुकडा घेतला आणि त्याचे एक टोक मेंदूच्या बुडाशी, दुसरे मज्जारज्जूत बसवले. केंद्रीय चेतापेशींचे तंतू त्या तुकड्यातील श्वान पेशींच्या आधाराने सुमारे तीन सेंटिमीटर वाढले. पलीकडच्या टोकाशी पुन्हा मज्जारज्जूत शिरताच, एक-दोन मिलिमीटरच्या आसपास, ते थांबले. तंतू तेच होते. जमीन बदलली तसे त्यांचे वागणे बदलले.

असे असले तरी सगळा दोष परिसराला देणेही बरोबर नाही. वर सांगितलेली गंडिकेतील दोन फाट्यांची पेशी येथे फार उपयोगी पडते. तिचा बाहेरचा फाटा कापला तर वाढतो, आतला कापला तर वाढत नाही, आणि दोन्ही फाट्यांचा पेशीदेह एकच. परंतु बाहेरचा फाटा आधी कापून काही दिवसांनी आतला कापला, तर आतलाही काही प्रमाणात वाढतो. कारण पहिल्या इजेने पेशीदेहातील वाढीचे जनुक जागे झालेले असतात. म्हणजे प्रौढ केंद्रीय पेशीची स्वतःची उमेदही मंदावलेली असते. या दोन्ही अडचणी एकाच वेळी दूर करणारा, माणसांत सिद्ध झालेला उपचार आज उपलब्ध नाही.

येथे अंतराचा विचार केला तर एक विरोधाभास लक्षात येतो. आपल्या भावाच्या मज्जारज्जूत डी-१० पासून पायांचे स्नायू हलवणाऱ्या पेशींपर्यंतचे अंतर एका वितीपेक्षाही कमी आहे. मनगटाच्या हिशेबाने ते काही महिन्यांत पार व्हायला हवे होते.

आता पायांच्या झटक्यांविषयी. डी-१० च्या खालचा मज्जारज्जू मेलेला नाही. तेथील स्नायूचालक पेशी, संवेदना आणणारे तंतू आणि मधल्या जोडणीच्या पेशी यांची मंडले शाबूत आहेत. तुटले आहे ते त्यांचे मेंदूशी असलेले दळणवळण. गुडघ्याखाली हातोडीने ठोकल्यावर पाय उडतो, त्यात संदेश स्नायूतून मज्जारज्जूत जाऊन एकाच सिनॅप्समधून परत येतो, मेंदूची गरज पडत नाही. इजेनंतर पहिले काही दिवस ते काही आठवडे ही मंडलेही गप्प असतात. मग ती जागी होतात, आणि मेंदूचा अंकुश नसल्याने अवाजवी जोराने प्रतिसाद देतात. पांघरूण सरकले, मूत्राशय भरले, टाचेला चुरचुरले, एवढेही पाय झटकायला पुरते. त्यामुळे हे झटके इच्छाशक्ती परतल्याची खूण नाहीत. घरातील मंडळी त्यावरून आशा बांधतात आणि फिजिओथेरपिस्टने ताण देण्याचे व्यायाम सांगितले की 'हालचाल येते आहे, मग कशाला' म्हणून टाळतात. तसे करू नये, सांधे आखडतात. उलट, झटके एकाएकी वाढले तर मूत्रसंसर्ग, बद्धकोष्ठ किंवा न दिसणारी जखम शोधावी, कारण ज्या वेदनेने त्यांनी तक्रार केली असती ती आता एवढ्याच भाषेत व्यक्त होऊ शकते.

सुधारणेची शक्यता जोखण्यासाठी झटके नव्हे, तर गुदद्वाराभोवतीची जाणीव आणि तेथील स्नायू इच्छेने आवळता येणे या दोन गोष्टी तपासल्या जातात. मज्जारज्जूच्या सर्वांत खालच्या खंडांपर्यंत एखादा धागा पोहोचतो आहे का, हे त्यावरून कळते. पोहोचत असेल तर इजा अपूर्ण मानली जाते, आणि अशा रुग्णांत उरलेल्या धाग्यांच्या नव्या शाखा फुटून, नियमित व्यायामाने, वर्ष-दीड वर्ष सुधारणा होत राहू शकते. आपण पाठवलेल्या अहवालात इजा 'पूर्ण' लिहिली आहे, परंतु ती तपासणी कधी झाली त्याची तारीख नाही. पहिल्या एक-दोन दिवसांतील, गुंगीच्या औषधांच्या प्रभावाखालील तपासणीवर विसंबून राहू नये. ती आता पुन्हा करून घ्यावी.

बी-१२ च्या सुयांविषयी आपण ओघात विचारले आहे. शाकाहारी कुटुंबांत या जीवनसत्त्वाची कमतरता खरोखरच आढळते आणि तिच्यामुळे मज्जारज्जूच्या मागच्या भागातील मायलिन खराब होते, म्हणून रक्तातील पातळी तपासून कमी असल्यास सुया जरूर घ्याव्यात. पातळी पुरेशी असताना आठवड्याला सुया घेत राहिल्याने तुटलेला तंतू वाढत नाही. मूलपेशींच्या महागड्या 'पॅकेज'बाबत तर मी अधिक कडक बोलेन: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मज्जारज्जूच्या इजेसाठी मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. कोणी लाखांची रक्कम मागत असेल तर ती चाचणी नव्हे.

तो पैसा गादी, चाकाची खुर्ची आणि मूत्राशयाची व्यवस्था यांवर खर्च करावा. कुष्ठरोगातील पावलांना जो धोका असतो तोच आपल्या भावाच्या माकडहाडाला व टाचांना आहे: त्वचा दाबली जाते आणि दुखत नाही. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलावी, खुर्चीत असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार घेऊन बूड उचलावे, आणि रोज आरशाने त्वचा पाहावी. लालसरपणा दाब काढल्यावरही राहत असेल तर त्या बाजूवर मुळीच झोपू नये. मूत्राशय नियंत्रित करणाऱ्या पेशीही इजेच्या खालीच आहेत आणि त्यांची मंडलेही पायांप्रमाणेच अंकुशाविना आकुंचन पावतात, त्यामुळे लघवी आपोआप होते म्हणजे मूत्राशय रिकामे होते असे समजू नये. आत दाब वाढून मूत्र उलट मूत्रपिंडाकडे जाऊ शकते. कायमची नळी ठेवण्यापेक्षा दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हातांनी नळी घालून काढण्याची पद्धत ते स्वतः बसल्या जागी शिकू शकतील, कारण डी-१० च्या इजेत हात पूर्ण चांगले असतात. मूत्ररोगतज्ज्ञांकडून मूत्राशयातील दाबाची तपासणी एकदा करून घ्यावी आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी व रक्तातील क्रिएटिनिन दरवर्षी पाहावे.